दिंडोरी ते नेसरी : सरनौबत प्रतापराव गुजर

काही माणसांचे मरण इतके मोठे असते, की त्यांचे सारे जगणे त्या मरणाच्या सावलीत झाकले जाते. शिवाजीमहाराजांचे सरनौबत प्रतापराव गुजर यांच्या वाट्याला हेच भाग्य आणि हाच अन्याय आला. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्रीचा दिवस, नेसरीची खिंड, समोर बहलोलखानाचे लष्कर आणि त्यावर तुटून पडणारे सात स्वार, हे चित्र मराठी मनावर कायमचे कोरले गेले आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि त्या कवितेच्या गीताने ते घराघरांत पोचवले. योगायोग असा, की कुसुमाग्रजांचे बालपण ज्या पिंपळगाव बसवंत येथे गेले, तेथून दिंडोरी फारशी दूर नाही. नेसरीच्या सव्वातीन वर्षे आधी, याच दिंडोरीच्या परिसरात प्रतापरावांनी एक मोठी लढाई खेळली होती. तिच्यात साहस होते, पण त्याहून अधिक संयम होता. प्रतापराव मेले कसे हे सर्वांना ठाऊक आहे. ते लढले कसे, हे जाणून घ्यायचे तर दिंडोरीला यावे लागते.

प्रतापरावांचे मूळ नाव कडतोजी. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात असलेले भोसरे हे त्यांचे गाव. त्यांच्या पूर्वायुष्याविषयी भरवशाची माहिती थोडी आणि दंतकथा अधिक, असा प्रकार आहे. माणदेश-खटावचा हा मुलूख पावसाला दुरावलेला. पिकाचा भरवसा नाही, म्हणून घोडा आणि तलवार यांवर पोट भरण्याची तेथील कुळांची रीत जुनी होती. निजामशाही, आदिलशाही, मोगल अशा तीन सत्तांच्या चाकरीत अशा घराण्यांची पुरुषपिढी विखुरली होती. त्यांच्यापैकीच एक शिलेदार स्वराज्याच्या घोडदळात आला, चढत गेला आणि इतिहासात प्रतापराव या किताबाने ओळखला जाऊ लागला.

सरनौबतीचे पद त्यांच्याकडे आले तेही एका लष्करी चुकीतून. १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्यावरील हल्ला फसला. नेतोजी पालकर वेळेवर कुमक घेऊन पोचले नाहीत, याचा जाब महाराजांनी मागितला आणि त्यांना पदावरून दूर केले. नेतोजी आधी विजापूरकरांकडे आणि नंतर मोगलांकडे गेले. ज्यांना लोक प्रतिशिवाजी म्हणत, त्या माणसाचीही वेळ चुकल्याबद्दल गय झाली नाही. कडतोजी गुजरांना प्रतापराव हा किताब देऊन सरनौबती सोपवली गेली, तेव्हा हा ताजा दाखला त्यांच्यासमोर होता. सरनौबताने शूर असणे हे तर गृहीतच. त्याने सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या कामासाठी हजर असले पाहिजे, हा त्या पदाचा खरा अर्थ होता.

त्यांच्या हाती आलेले घोडदळ कसे बांधलेले होते, हे सभासदाच्या बखरीतून कळते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, अशी ती उतरंड होती. सर्वांच्या वर सरनौबत. दर पंचवीस स्वारांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि घोड्यांना नाल ठोकणारा एक नालबंद असे. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येई. जुमलेदाराला वर्षाला पाचशे होन, हजाऱ्याला हजार होन असा तैनातीचा आकडाही बखरीत दिलेला आहे. पावसाळ्यात फौज छावणीत राही आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरीला निघे. निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी होई आणि परतल्यावर झाडा घेतला जाई. लूट सरकारात जमा करावी लागे. नाल, पखाल, वैरण आणि हिशेब यांच्या या कंटाळवाण्या भासणाऱ्या व्यवस्थेवरच दहा-वीस हजार घोड्यांची हालचाल उभी होती.

या व्यवस्थेमागे एक राजकीय निर्णयही होता. त्या काळात दख्खनेतील लढायांचे मूळ पुष्कळदा वतनात असे. देशमुखीसाठी भाऊ भावाच्या जिवावर उठे. ज्याच्याकडे वतन, गढी आणि पदरी माणसे, तो आपल्या पुरता राजाच असे. आज या शाहीचा, उद्या त्या शाहीचा. महाराजांनी लष्करी चाकरीबद्दल नवी वतने देण्याचे शक्यतो टाळले आणि रोख वेतनाचा आग्रह धरला. सैनिकाची निष्ठा सरदाराच्या वाड्यापाशी न अडता थेट राज्यापर्यंत पोचावी, हा त्यामागचा हेतू. प्रतापराव या नव्या घडीचे सरनौबत होते. पण ज्या समाजातून ते आले होते, तो शब्द, मान, अपमान आणि वैर यांना जिवापलीकडे जपणारा जुना समाज होता. त्यांच्या आयुष्यातील पेच या दोन्हींच्या मध्ये आहे.

मोगलांच्या सरंजामी जगाचा जवळून परिचय त्यांना लवकरच घडला. आग्र्याहून सुटकेनंतर महाराजांनी काही काळ तहाचे धोरण ठेवले. शाहजादा मुअज्जमच्या मध्यस्थीने संभाजीराजांना पाच हजारी मनसब आणि वऱ्हाडात जहागीर मिळाली. राजे लहान, म्हणून त्यांच्या वतीने प्रतापराव आणि निराजी रावजी फौजेसह औरंगाबादेस राहिले. मराठ्यांचे घोडे दीड-दोन वर्षे मोगलांच्या जहागिरीवर पोसले गेले. मनसबदारांचे हेवेदावे, दरबारी कुरघोड्या, कोण कोणाच्या हाताखाली जायला नाराज आहे, हे सारे प्रतापरावांना त्या छावणीत उघड दिसले असणार. मग औरंगजेबाने आग्र्याच्या प्रवासासाठी दिलेल्या एक लाख रुपयांच्या वसुलीसाठी वऱ्हाडच्या जहागिरीचा काही भाग जप्त केला आणि पुढे या दोघांना कैद करण्याचा हुकूम निघाल्याची वार्ता आली. १६६९ च्या अखेरीस प्रतापराव आणि निराजीपंत आपल्या लोकांसह औरंगाबादेतून निसटले. तह संपला.

१६७० हे वर्ष मोगलांना फार जड गेले. फेब्रुवारीत सिंहगड गेला, मार्चमध्ये पुरंदर गेला. आणि नेमक्या याच वेळी मोगलांचे दख्खनमधील दोन मोठे सेनानी एकमेकांवर तुटून पडले होते. दिलेरखान शाहजाद्याच्या भेटीस यायला तयार नव्हता. आपल्याला पकडले जाईल अशी त्याला धास्ती होती. शाहजाद्याने त्याला बंडखोर ठरवले आणि महाराजा जसवंतसिंहासह थेट तापीकाठापर्यंत त्याचा पाठलाग केला. ज्या फौजेने मराठ्यांना रोखायचे, ती आपल्याच सरदाराच्या मागे पावसाळ्यात धावत होती. ही संधी महाराज सोडणार नव्हते. ३ ऑक्टोबर १६७० रोजी ते दुसऱ्यांदा सुरतेवर गेले. मोगलांच्या चौकशीत त्या लुटीचा आकडा ६६ लाख रुपये निघाला. ५ तारखेला सुरत सोडून मराठी फौज बागलाणच्या वाटेला लागली.

सुरत लुटणे हे अर्धे काम होते. ती लूट सह्याद्रीपलीकडे सुखरूप नेणे हे उरलेले अर्धे, आणि अधिक अवघड. ओझ्याच्या जनावरांनी भरलेली फौज वेगाने चालू शकत नाही. शाहजाद्याने दाऊदखान कुरेशीला तातडीने रवाना केले. हा जुना, मुरलेला सेनानी. १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंहाच्या स्वारीत याच दाऊदखानाने मराठी मुलखातील गावे उजाड केली होती. तो चांदवडला येऊन थांबला. बागलाण आणि नाशिक यांच्यामध्ये सातमाळ्याची रांग आडवी पसरलेली आहे. अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, धोडप, कांचना अशी एकामागून एक शिखरे आणि त्यांच्यामधल्या मोजक्या खिंडी. मराठे खिंड ओलांडून दक्षिणेला उतरणार हे निश्चित होते; प्रश्न फक्त वेळेचा होता.

मध्यरात्री हेरांनी दाऊदखानाला बातमी दिली, की शिवाजी घाट उतरून निम्म्या फौजेनिशी नाशिकच्या वाटेला लागलासुद्धा. उरलेली निम्मी फौज मागे राहिलेल्यांना गोळा करीत खिंड रोखून आहे. खान तत्काळ निघाला. पहाटे तीनच्या सुमारास चंद्र मावळला आणि अंधारात मोगल फौजेच्या तुकड्या एकमेकींपासून सुटल्या. मोठी लढाई अनेकदा पहिला वार होण्याआधीच हरली जाते, ती अशी.

बखरकार सांगतो, की महाराजांनी खजिन्याची घोडी आणि ओझेवाले पुढे लावून दिले आणि स्वतः बखतर चढवून घोड्यावर स्वार झाले. मागे दहा हजारांची पिछाडी उलट तोंड करून उभी राहिली. तिचे पुढारपण प्रतापराव गुजर, व्यंकोजी दत्तो, आनंदराव अशा नामांकित सरदारांकडे होते. तो दिवस १७ ऑक्टोबर १६७० चा.

मोगलांच्या आघाडीला इख्लासखान मियाना होता. उजाडताना तो एका टेकडीवर चढला आणि खालच्या माळावर मराठी फौज लढाईच्या पवित्र्यात उभी असलेली त्याला दिसली. त्याच्या लोकांची चिलखते अजून उंटांवर लादलेली होती. ती उतरवून अंगावर चढवीपर्यंतही त्याला धीर निघाला नाही. मूठभर स्वारांनिशी तो तसाच चालून गेला. थोड्याच वेळात जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. मागून दाऊदखान पोचला. त्याने राय मकरंद आणि इतर सरदारांना आघाडीच्या मदतीला पाठवले. हत्ती, निशाणे आणि नगारे एका उजाड गावाच्या उंचवट्यावर, ओहोळांच्या आडोशाला ठेवले. पुढचे काही तास निकराची झुंज झाली. संग्रामखान घोरी जखमी झाला. तोफखान्याचा अधिकारी मीर अब्दुल माबूद जमिनीच्या चढउतारामुळे मुख्य फौजेपासून वेगळा पडला. मराठ्यांनी त्याला तेथेच गाठले. तो घायाळ झाला, त्याचा एक मुलगा पडला, त्याची निशाणे आणि घोडी मराठ्यांच्या हाती गेली.

या मोहिमेत दाऊदखानाच्या लष्कराबरोबर असलेल्या भीमसेन सक्सेनाने फारसीत लिहून ठेवलेल्या हकिकतीमुळे हे तपशील आपल्याला मिळतात. मराठे बारगिरी पद्धतीने, शत्रूभोवती घिरट्या घालीत लढत होते, असे तो नोंदवतो. जवळ यावे, वार करावा, शत्रू पुढे सरसावला की मागे हटावे, आणि तो फाटला की त्या फटीत शिरावे. मोगलांना सावरले ते बुंदेल्यांच्या बंदूकधारी पायदळाने आणि तोफांनी. खुद्द दाऊदखान रणात उतरला आणि त्याने जखमी इख्लासखानाला सोडवून आणले. दुपारी लढाई मंदावली. तेव्हा खानाजवळ दोन हजारांहूनही कमी माणसे उरली होती. संध्याकाळी मराठ्यांनी पुन्हा एक हल्ला चढवला, तो तोफांनी परतवला. रात्री मोगल फौज उघड्या माळावर, भोवती मोर्चे बांधून, मृतांना पुरत आणि जखमींची शुश्रूषा करीत पडून राहिली. मराठे आपल्या वाटेने कोकणात उतरून गेले होते.

लढाई कोणी जिंकली? मैदानावर रात्री कोण राहिले या मापाने मोगल म्हणू शकत होते, की आम्ही जागा सोडली नाही. सभासदाच्या मते तीन हजार मोगल पडले, तीन-चार हजार घोडे पाडाव झाले आणि दोन वजीर हाती लागले. भीमसेनाच्या हकिकतीत हे आकडे नाहीत. परंतु परिणामाविषयी वाद नाही. दुसऱ्या दिवशी दाऊदखान उरल्यासुरल्या फौजेसह नाशिकला गेला आणि महिनाभर तेथेच बसून राहिला. सुरतेच्या खजिन्याला धक्का लागला नाही. पिछाडीचे काम खजिना निघून जाईपर्यंत शत्रूला गुंतवून ठेवण्याचे होते, आणि ते पुरे झाले.

येथे प्रतापरावांचे मोठेपण नेमके दिसते. दुपारी शत्रू दोन हजारांवर आला असताना, आपले बळ कितीतरी अधिक असताना, त्याचा पुरता निःपात करण्याचा मोह कोणत्याही सेनानीला झाला असता. तसे करताना तोफांच्या तोंडी किती घोडी गेली असती आणि खजिन्याच्या मागे दुसरी मोगल फौज लागली असती तर ती अडवायला कोण उरले असते, याचा विचार त्या मराठी सरदारांनी केलेला दिसतो. संध्याकाळचा हल्ला फसताच त्यांनी तो रेटला नाही. महाराज स्वतः हजर होते, योजना त्यांची होती, हे खरेच. पण दिवसभर हजारो स्वारांना पांगू न देता, लुटीच्या मागे धावू न देता, हटवायचे आणि पुन्हा आणायचे हे काम रणावर घोडदळाच्या सरदारांचेच असते.

पटावर लढाया मांडणाऱ्यांना हा प्रश्न चांगला परिचयाचा आहे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंची सारी मोहरी दोघांनाही दिसतात. खऱ्या युद्धात तसे नसते. म्हणून १८२४ मध्ये प्रशियात राइस्वित्स या लष्करी अधिकाऱ्याने नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले तेव्हा त्यात फासे होते आणि एक पंचही होता. सारे चित्र फक्त पंचाला दिसे. खेळाडूला त्याच्या हेरांनी आणलेली बातमी तेवढी कळे. पुढे अशाच युद्धखेळांतून १९७४ साली अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ निघाला आणि एकेका खेळाडूने एकेक पात्र होऊन खेळण्याची प्रथा रूढ झाली. अशा खेळात मोठी लढाई आली की मांडणारा अडतो. हजारोंच्या फौजा हलवाव्यात, तर माणसे सोंगट्या होतात. एका वीराच्या तलवारीकडे पाहावे, तर लढाई हरवते. दिंडोरी पटावर मांडायची असेल, तर मावळणारा चंद्र, उंटांवर राहिलेली चिलखते, ओहोळापलीकडे तुटलेला तोफखाना आणि एका उतावळ्या सरदाराचा स्वभाव, हे सारे मांडावे लागेल. फौजा मोठ्या असल्या तरी त्यांचे दैव ठरते ते एखाद्या माणसाच्या एका निर्णयावर. इख्लासखानाने ते सकाळी दाखवले. प्रतापरावांनी ते नेसरीला दाखवले, पण त्याला अजून अवकाश होता.

दिंडोरीनंतरचे दीड वर्ष हा त्यांच्या कर्तृत्वाचा मध्यान्ह. डिसेंबर १६७० मध्ये ते खानदेशात शिरले, बुऱ्हाणपूरच्या वेशीपर्यंत गेले आणि तेथून वऱ्हाडात वळून त्यांनी कारंजा हे श्रीमंत शहर लुटले. चार हजार बैल आणि गाढवे भरतील एवढी लूट मिळाली. शहरातील धनाढ्य पकडले गेले. त्यांतला सर्वांत मोठा असामी मात्र स्त्रीवेष घेऊन निसटला. मराठी फौज स्त्रियांच्या अंगाला हात लावत नाही हे शत्रुमुलखातही माहीत झाले होते, याचा हा अजब पुरावा. वाटेवरील गावांकडून चौथाईचे लेखी करार घेतले गेले. पुढील शतकात मराठी सत्तेचा जो आर्थिक कणा बनला, त्या चौथाईची मोगलांच्या खास मुलखातली सुरुवात या स्वारीत आहे. तिकडे मोरोपंत पिंगळे बागलाणात होते. जानेवारी १६७१ च्या सुरुवातीला साल्हेरचा किल्ला मराठ्यांकडे आला.

मोगलांनी आता महाबतखानाला पाठवले. दिंडोरी परिसरातीलच अहिवंतगडाला त्याने दाऊदखानासह वेढा दिला. महिनाभराने गड पडला. पण किल्लेकऱ्यांनी दाऊदखानाकडे शरणागती पत्करली आणि श्रेय आपले हुकले म्हणून महाबतखान रुसला. दोघांचे बिनसले आणि मोहीम रेंगाळली. शत्रूच्या गोटातील या हेव्यादाव्यांचा फायदा मराठ्यांना पुन्हा पुन्हा मिळत गेला, कारण त्यांच्याकडे हुकूम एकाचा चालत होता.

१६७२ च्या आरंभी साल्हेरला जे घडले, ते याचे उत्तम उदाहरण. मोगलांनी साल्हेरला वेढा घातला होता आणि वेढ्यावर तोच इख्लासखान मियाना होता. महाराजांच्या आज्ञेने प्रतापराव घोडदळ घेऊन घाटावरून आले, मोरोपंत पायदळ घेऊन कोकणातून वर चढले. दोन वेगळ्या दिशांनी निघालेल्या, एकमेकांना दिसत नसलेल्या फौजा ठरल्या जागी वेळेवर भेटल्या. नेतोजींच्या पन्हाळ्यावर जे हुकले होते, ते येथे साधले. उघड्या मैदानावर मोगलांचा पुरता मोड झाला. राव अमरसिंह चंदावत पडला. इख्लासखान जखमी होऊन कैद झाला आणि नंतर त्याला सन्मानाने सोडण्यात आले. मराठ्यांकडील सूर्याराव काकडे हा मोहरा कामी आला. डोंगरी गनीम म्हणून हिणवलेल्या फौजेने मोठ्या मैदानी लढाईत मोगलांना हरवले, ही वार्ता साऱ्या हिंदुस्थानात गेली.

यानंतर दृश्य दक्षिणेकडे सरकते. नोव्हेंबर १६७२ मध्ये अली आदिलशहा वारला. गादीवर अल्पवयीन मुलगा, कारभार खवासखानाकडे आणि त्याच्याशी स्पर्धा पठाण सरदार अब्दुल करीम बहलोलखानाची. विजापूरही सरदारांच्या भांडणांनी पोखरले जात होते. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने मोजक्या माणसांनिशी पन्हाळा घेतला. तो परत घेण्यासाठी बहलोलखान निघाला. महाराजांनी प्रतापरावांना त्याच्यावर पाठवले.

एप्रिल १६७३. आजच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात असलेले उमराणी. प्रतापरावांनी खानाला गाठले आणि पाण्याची वाट रोखली. भर उन्हाळ्यात घोडी, हत्ती, माणसे तहानेने व्याकूळ झाली. दिवसभराच्या झुंजीनंतर खानाने शरणागतीची भाषा सुरू केली. यापुढे मराठ्यांच्या वाटेला जाणार नाही असे त्याने कळवल्याचे सांगितले जाते. प्रतापरावांनी वाट मोकळी केली.

हा निर्णय दयेचा होता, जुन्या क्षात्रधर्माचा होता, की कोंडलेला शत्रू जिवावर उदार झाला तर आपलीही माणसे जातील या हिशेबाचा होता, हे आज सांगता येणार नाही. दोन सरदारांमधील व्यवहार म्हणून पाहिले, तर तो त्या युगाच्या रीतीला धरून होता. शरण आलेल्यास सोडावे, दिल्या शब्दावर विश्वास ठेवावा, ही सरंजामी जगातील उदात्त बाजू. परंतु बहलोलखानाशी चाललेले युद्ध प्रतापरावांचे खासगी नव्हते. पन्हाळा राखायचा तर ही फौज मोडणे आवश्यक होते. दिंडोरीला शत्रूला जाऊ देणे हेच कार्य होते. उमराणीला त्याला जाऊ न देणे हे कार्य होते. बाह्यतः सारखीच कृती, पण पहिल्या प्रसंगी ती विजय ठरली आणि दुसऱ्या प्रसंगी चूक. महाराज संतापले. हुजूरची परवानगी न घेता सल्ला का केला, हा त्यांचा सवाल होता.

पुढील महिने प्रतापराव कर्नाटकात फिरत राहिले. हुबळीची पेठ लुटली गेली, तीत इंग्रजांच्या वखारीचेही नुकसान झाले. परंतु शब्द मोडून बहलोलखान पुन्हा पन्हाळ्याच्या रोखाने आला, तेव्हा महाराजांनी खरमरीत पत्र पाठवले. खानाला बुडवल्याशिवाय आम्हांस तोंड दाखवू नये, असा त्याचा आशय परंपरेने सांगितला जातो. रायगडावर राज्याभिषेकाची तयारी सुरू होण्याचा हा काळ. अशा वेळी सरनौबताला राजासमोर येण्यास मनाई व्हावी, याची टोचणी प्रतापरावांसारख्या मानी माणसाला किती लागली असेल, याची कल्पना करता येते.

नेसरी आज कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यात आहे. बहलोलखान त्या बाजूला असल्याचे कळताच प्रतापराव निघाले. मुख्य फौज मागे होती. तिची वाट त्यांनी पाहिली नाही. बरोबर सहा स्वार. नारायण शेणवी याने इंग्रजांना लिहिलेल्या समकालीन पत्रात दोन टेकड्यांमधील अरुंद वाटेत प्रतापराव आणि सहा स्वार मारले गेल्याची नोंद आहे. म्हणजे सातांची ही कथा केवळ कवीची कल्पना नाही. त्या सहा जणांची नावे परंपरेने जपली आहेत. सातजण आले, लढले आणि पडले. खानाच्या फौजेला त्यामुळे धक्काही पोचला नाही.

हे लिहिताना हात अडखळतो, कारण त्या बलिदानाचे तेज लहान करण्याचा हेतू नाही. पण प्रतापरावांच्याच आयुष्याने घालून दिलेला मापदंड त्यांना लावला पाहिजे. दिंडोरीच्या पहाटे इख्लासखान मागच्या फौजेची वाट न पाहता चिलखताशिवाय मूठभर लोकांनिशी चालून आला होता, आणि त्याची किंमत त्याच्याकडून वसूल करणाऱ्यांत प्रतापराव होते. साडेतीन वर्षांच्या आत तीच चूक त्यांनी केली. इख्लासखानाला उतावीळपणाने ओढले, प्रतापरावांना अपमानाने. सरनौबताच्या जागी कडतोजी गुजर नावाचा मानी शिलेदार पुढे झाला, आणि त्याने जे केले ते शिलेदाराला शोभणारे होते. राज्याला मात्र त्या क्षणी सरनौबत हवा होता.

बातमी कळताच महाराजांना अतोनात दुःख झाले. आपल्या पत्राची धार किती खोल गेली हे त्यांना उमगले असेल. फौज मात्र विसकटली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आनंदरावांनी तिला सावरले आणि पुढच्याच महिन्यात बहलोलखानाच्या जहागिरीत शिरून लूट मिळवली. सरनौबती हंसाजी मोहित्यांना हंबीरराव या किताबासह देण्यात आली. सेनापती पडला की सैन्य पळते, हा त्या काळच्या लढायांचा नेहमीचा अनुभव. येथे तसे झाले नाही. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार ही उतरंड एका माणसाच्या प्राणांवर अवलंबून नव्हती. सात-आठ वर्षे ती ज्याने राबवली, त्याचे हे खरे स्मारक म्हटले पाहिजे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा प्रतापरावांना जाऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते. पुढे महाराजांनी राजारामांसाठी प्रतापरावांची कन्या जानकीबाई सून म्हणून आणली. रागावलेल्या स्वामीने आपल्या सेवकाशी केलेला हा अखेरचा, अबोल समेट.

आज नाशिकहून दिंडोरीमार्गे वणीकडे जाताना दुतर्फा द्राक्षांचे मळे लागतात. नवरात्रात सप्तशृंगीच्या यात्रेकरूंनी हा रस्ता गजबजतो. समोर सातमाळ्याची तीच रांग, तशाच खिंडी. या मुलखात ऑक्टोबरच्या एका दिवशी दहा हजार स्वार शत्रूकडे तोंड करून उभे राहिले, आपले काम झाल्यावर शांतपणे वळले आणि डोंगर उतरून गेले, याची आठवण या वाटेवर फारशी कोणाला होत नाही. शौर्याने झोकून देणाऱ्याचे गाणे होते. शौर्य आवरून धरणाऱ्याचे सहसा होत नाही. प्रतापराव गुजरांनी दोन्ही केले. नेसरीला माथा टेकवताना त्यांच्या दिंडोरीचीही याद ठेवली, तरच हा माणूस आपल्याला पुरता कळेल.